माझ्या पाठीमागच्या नऊ गाड्या

मी, श्रीमती विजयमाला हंबीरराव खबाले, वय अठ्ठावन्न, निवृत्त क्रीडाशिक्षिका, आता धंदा शेती, राहणार शिराळा, जिल्हा सांगली, आज स्वखुशीने आणि स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. मला कोणी धमकावलेलं नाही, कोणी गोड बोलून बसवलेलं नाही. या क्षणी मी शुद्धीत आहे आणि मला सगळं कळतं आहे. 'या क्षणी' हे शब्द काढा, असं माझा वकील पुष्कर मराठे म्हणतो. नमुन्यात ते नसतात म्हणे. मी काढणार नाही. ते का घातले हे कलम पाचमध्ये येईल, तोवर वाचणाऱ्याने धीर धरावा. मला स्वतःला तेवढा धीर नाही, पण मृत्युपत्र घरापासून सुरू करायचं असतं, म्हणून घरापासून करते.

कलम १. माझे पती सुभेदार हंबीरराव आठ वर्षांपूर्वी वारले. आम्हाला एकच अपत्य, मुलगी पूजा. ती कराडला नोकरी करते. लग्न केलेलं नाही, आणि करावं की नाही याबद्दल मी या कागदात काहीही लिहिणार नाही, कारण तिला सांगून उपयोग होत नाही हे मला चांगलं ठाऊक आहे. शिराळ्यातलं राहतं घर, गच्ची, भांडीकुंडी, कपाटं, सगळं पूजाचं. माझ्या पाटल्या तिच्याच. बोरमाळ मात्र माझी बहीण लीलाबाई हिला द्यावी. ती आईची आहे, आणि प्रत्येक लग्नात लीलाबाई जेवणाकडे कमी आणि माझ्या गळ्याकडे जास्त बघते. बघून बघून तिची झालीच आहे, आता हातात द्यावी.

कलम २. वारणाकाठचं उसाचं रान पूजाचं. त्याला लागून असलेला विहिरीचा तुकडाही पूजाचाच. हे दुसरं वाक्य माझे दीर दादासो खबाले यांच्यासाठी मुद्दाम वेगळं लिहिलं आहे.

हंबीररावांचा दहावा झाला आणि दुसऱ्या दिवशी दादासो गिऱ्हाईक घेऊन अंगणात हजर. शेडमधली बुलेट विकायची म्हणून. "वैनी, गाडी हुबी राहून गंजून जाईल. तुमी काय चालवणार हाय व्हय?" मी चालवणार नव्हते. माझ्या स्वप्नातही नव्हतं. पण ते शेवटचं 'व्हय' माझ्या असं जिव्हारी लागलं की शाळेच्या मैदानावर, पोरं घरी गेल्यावर, पडत-झडत मी ती गाडी शिकले. मग भावकीत यांनी पसरवलं की वैनीच्या डोक्याचं काय खरं न्हाई. पन्नाशीला मोटारसायकल शिकणारी विधवा बाई, ती ठिकाणावर कशी असेल?

हेच वाक्य माझ्यामागे कोर्टात उभं राहणार, हे मला दिसतंय. म्हणून पुष्करच्या सल्ल्याने मी दादासोंनाच साक्षीदार केलं आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नसतं. आणि मी शुद्धीत असल्याची त्यांनीच सही केली, तर उद्या ते उलटं कसं बोलणार? पुष्करने या दोन्ही गोष्टी त्यांना समजावून सांगितल्या. तरी आले. आत्ता ते सांगलीत, पुष्करच्या ऑफिसात, समोरच्या खुर्चीत चहाचा कप धरून बसलेत आणि माझा कागद उलट्या बाजूने वाचायचा प्रयत्न करतायत. वाचा म्हणावं.

कलम ३. बुलेट पूजाला. डोंगरातल्या रस्त्यांसाठी नंतर घेतलेली दुसरी गाडी आमच्या क्लबला, म्हणजे वारणाकाठ रायडर्सला. ज्याला शिकायचं आहे पण ज्याच्याकडे गाडी नाही त्याला ती द्यावी. पान्यांची पेटी, पंक्चरचं सामान आणि हवेचा पंप बिराप्पाला. बिराप्पा जतचा. रांगेत सगळ्यात शेवटी तो असतो. कोणी मागे राहिलं, घसरलं, गाडी बंद पडली, की तो थांबतो, कन्नडमध्ये शिव्या देतो आणि चालू करून देतो. माझं हेल्मेट कोणालाही देऊ नये, फोडून टाकावं. एकदा आपटलेलं हेल्मेट आतून तडकलेलं असतं आणि बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही.

मी गेल्यावर गाड्यांची रॅली काढून, इंजिनं गुरगुरवत मला नेऊ नये. एका क्लबने तसं केलेलं मी पाहिलं आहे. म्हातारी माणसं दचकली, कुत्री पळाली, आणि गेलेला माणूस काही उठून बसला नाही.

कलम ४. आता जिची सातबाऱ्यावर नोंद नाही ती गोष्ट. लीडची जागा.

क्लबमध्ये नसलेल्यांसाठी सांगते. राईडला सगळ्यात पुढे जो असतो तो लीड. रस्ता त्याने बघायचा, वेग त्याने ठरवायचा, आणि पुढे काय आहे ते मागच्याला खुणेने कळवायचं. बोलून उपयोग नाही, वाऱ्यात ऐकू येत नाही. लीडने डावा पाय पायदानावरून खाली सोडला, की डावीकडे खडी किंवा खड्डा आहे. दुसऱ्याने तसाच पाय सोडायचा, तिसऱ्याने त्याचं बघून, असं करत खूण शेवटच्या गाडीपर्यंत जाते आणि सगळी रांग उजवीकडे सरकते. का, असं कोणी विचारत नाही. विचारायला वेळ नसतो.

आमच्याकडे पहिल्यापासून लीड मीच. शाळेत पोरांची रांग सरळ करण्यात माझी हयात गेली, इथे तेच केलं. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी मी सांगायचे, "रस्ता मी बघते, तुम्ही माझी पाठ बघा." सगळे मला बाई म्हणतात. बँकेतले साहेब, पोरांचे बाप झालेले गडी, सगळे. आणि खरंच पाठ बघतात.

कलम ५. यंदाच्या पंधरा ऑगस्टला झेंडावंदन करून आम्ही कराड, पाटण करत कोयनानगरच्या पुढे कुंभार्ली घाटात उतरायला लागलो. मी पुढे, दुसरी पूजा, मग बाकीचे. माझ्यामागे एकूण नऊ गाड्या. धुकं नव्हतं, पाऊस थांबला होता, रस्ता ओला पण चांगला होता. एक वळण संपवलं ते मला आठवतं. त्यानंतर एकदम हॉर्न. मी रस्त्याच्या उजव्या कडेला, आणि समोरून चढत आलेली एसटी माझ्या चाकासमोर ब्रेक दाबून उभी.

मधलं काहीच नाही. झोप नव्हे, चक्कर नव्हे. चित्र बंद पडून पुन्हा चालू व्हावं तसं. मी गाडी डावीकडे घेतली आणि आरशात बघितलं. नऊच्या नऊ गाड्या माझ्यासारख्याच चुकीच्या बाजूला होत्या. सरळ रांगेत, ठरलेलं अंतर राखून, मी शिकवलं तशा.

एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्याचा शब्द न् शब्द बरोबर होता.

खाली चहाच्या टपरीवर थांबलो. मी हातमोजे काढलेच नाहीत. आणि हे लोक माझं कौतुक करायला लागले. राजस म्हणून आमच्यातला एक इंजिनियर आहे सांगलीचा, तो म्हणाला, "बाई, ती खडी तुम्हाला एवढ्या लांबून दिसली कशी? आम्हाला तर शेवटपर्यंत दिसलीच नाही." सगळे हसले. तेव्हा मला कळलं काय झालं होतं. मी जागेवर नव्हते तेव्हा माझा डावा पाय पायदानावरून सुटून लोंबत होता. त्यांनी ती खूण धरली. एकेकाने पाय खाली सोडला आणि सगळे माझ्यामागून एसटीच्या तोंडात आले. खडी नव्हतीच. पूजा तेवढी काही बोलली नाही. ती चहा फुंकत माझ्याकडे बघत होती.

राजसच्या हेल्मेटवर कॅमेरा असतो. त्याने तो सगळा व्हिडिओ गाणं लावून नेटवर टाकला, वर लिहिलं, 'लीड असावी तर अशी.' हजारोंनी बघितलं म्हणे. मी न्हाणीघराचं दार लावून बघितलं. माझी मान खाली जाते ते त्यात दिसतं. कोणालाही दिसेल. पण बघणारे पायाकडे बघतायत.

मी शिराळ्याची लेक. नागाच्या गावात वाढले, अंधाराला भ्याले नाही, नवऱ्याच्या पोस्टिंगच्या वर्षांत एकटी राहिले. आता मला भीती वाटते. साधी भीती. दूध गॅसवर ठेवायला भीती वाटते, कारण एकदा ते उतू जाऊन पातेलं जळालं आणि मी शेजारीच उभी होते. आज एसटीने इकडे येताना मी गावांची नावं तोंडातल्या तोंडात म्हणत होते, आपण जागेवर आहोत ना ते तपासायला. पेठ म्हटलं, इस्लामपूर म्हटलं, आणि मग एकदम सांगली. आष्टा म्हटल्याचं मला आठवत नाही. डोळा लागला असेल. असेल.

कलम ६. सांगलीच्या डॉ. भार्गवी सोहोनी यांनी माझ्या डोक्याचा आलेख काढला. त्या म्हणाल्या, "विजयमालाताई, फिट म्हणजे हातपाय झाडणं असंच नसतं. काही जण नुसते काही क्षण नसतात." गोळ्या दिल्या. वर्षभर एकही झटका आला नाही तर गाडीचं बोलू, तोवर किल्लीला हात लावायचा नाही, असं बजावलं. मी म्हटलं, गाडी सोडली. त्याच डॉक्टर आज दादासोंबरोबर साक्षीदार आहेत, कारण मी शुद्धीत होते हे डॉक्टरने सांगितलेलं बरं, असं पुष्करचं मत. त्या माझ्या डाव्या हाताला बसून मोबाईल बघतायत आणि मी त्यांच्याशी खोटं बोलले हे मी इथे लिहिते आहे.

गाडी मी सोडलेली नाही. गुरुवारी दसरा. आमच्या क्लबचं सीमोल्लंघन कुंभार्लीतच असतं. लीडचं चाक जिल्ह्याची हद्द ओलांडतं, मग बाकीची ओलांडतात. तोवर कोणी पुढे जायचं नाही, अशी पद्धत मीच पाडली. शिराळ्याच्या चौकात बोर्ड लागला आहे, माझा हेल्मेटमधला फोटो टाकून. यंदा नवीन माणसं आहेत, त्यातली दोन अजून कॉलेजात जाणारी. त्यांच्या आया मला भेटून गेल्या. एक म्हणाली, "बाई, तुमी पुढं हाय म्हणून सोडतोय आमी."

मी ठरवलं आहे की ही शेवटची राईड करायची आणि मग काहीतरी कारण सांगून थांबायचं. गुडघे, पाठ, काहीही. गोळ्या चालू आहेत, आठवडाभर काही झालेलं नाही. एकच दिवस तर आहे. बोर्ड लागल्यावर काय सांगणार? आणि ज्यांनी मला वेडी ठरवलं त्यांच्यासमोर मी फिट येणारी बाई म्हणून उभी राहू? हा कागद त्यासाठीच गुरुवारच्या आधी उरकते आहे. काही झालंच तर पूजाच्या हातात घर आणि रान असावं.

कलम ७. माझ्या मृत्यूनंतर वारणाकाठ रायडर्सच्या लीडची जागा माझी मुलगी पूजा हिच्याकडे जावी. रांगेत दुसरी राहून तिला माझी पद्धत ठाऊक झालेली असल्याने तिने यापुढे सर्वांना

वरचं वाक्य तुटलं आहे. ते मी तोडलेलं नाही. 'सर्वांना' लिहिल्याचं मला आठवतं. त्यानंतर जे आठवतं ते म्हणजे दादासो माझ्या खुर्चीपाशी खाली बसलेले, आणि त्यांचा चहाचा कप फरशीवर फुटून पडलेला. कप फुटल्याचा आवाज मी ऐकला नाही. डॉक्टर माझा हात धरून विचारत होत्या, "माझं नाव काय सांगा." मी सांगितलं. "आज वार कोणता?" सोमवार, म्हटलं. पेन माझ्या बोटांत तसंच होतं.

मग डॉक्टर म्हणाल्या, "गाडी बंद आहे ना तुमची?" मी फरशीवरच्या कपाकडे बघितलं. दादासोच बोलले, "बंद कुठली डॉक्टर? गुरवारच्या दसऱ्याला घाटात निघाल्यात. चौकात बोर्ड हाय ह्येंचा."

डॉक्टरांनी माझा हात सोडला नाही, पण त्यांचा चेहरा बघून मला शाळेत चोरी सापडलेल्या पोरासारखं झालं.

पुष्करने कोरा कागद पुढे केला. "बाई, हे पान पुन्हा लिहू. तुटकं वाक्य दिसलं तर उद्या कोणीही त्यावर बोट ठेवेल, सगळं मृत्युपत्र अडकेल." आणि दादासो, ज्यांनी त्या विहिरीसाठी जीव टाकला, ज्यांच्या हाताला आयतं कोलीत मिळालं होतं, ते खाली कपाचे तुकडे वेचता वेचता म्हणाले, "वैनी, आमी काय न्हाई बघितलं. तुमी लिवा फुडं."

आठ वर्षांत त्यांनी माझ्या बाजूने बोललेलं ते पहिलं वाक्य, आणि ते खोटं होतं.

मी कोरा कागद हातात घेतला आणि मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. कोणी काही बघितलं नाही, पान स्वच्छ, रान पूजाचं, गुरुवारी सकाळी मी पुढे. मग मला त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली, कुंभार्लीत वाटली त्याच्यापेक्षा जास्त. इथे बसून, हातात पेन असताना, माझ्या डाव्या-उजव्या हाताला माणसं असताना मी गेले. आणि तरीही माझं डोकं मला सांगत होतं की एकच दिवस तर आहे. घाटात माझ्यामागे पूजा असते. तिच्यामागे त्या दोन आयांची पोरं असणार. ती माझ्या पाठीकडे बघत येणार, आणि माझा पाय सुटला तर आपापले पाय सोडून माझ्यामागे येणार. एसटी दरवेळी थांबत नसते.

कोरा कागद मी परत दिला. तुटलेलं वाक्य आहे तसंच राहील. त्यामुळे विहिरीचा तुकडा जायचा असेल तर जावो. तो दादासोंना मिळावा असं मात्र मला अजूनही वाटत नाही. कलम सात रद्द समजावं.

कलम ८. हे कलम माझ्या मृत्यूनंतर नव्हे, या कागदावर माझी सही होताक्षणी लागू होईल. मृत्युपत्रात असं कलम बसत नाही, असं पुष्कर सांगतो आहे. मी त्याला म्हटलं, बसव.

लीडची जागा आजपासून पूजाची. दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या मी आत्ता डॉक्टरांच्या हातात दिल्या आहेत, त्या पूजालाच द्याव्यात, मला मागितल्या तरी देऊ नयेत. मी मागेन.

कलम पाचपासून पुढचं सगळं दसऱ्याच्या सकाळी, गाड्या पुजून झाल्यावर, कोणी हेल्मेट चढवायच्या आधी, सर्वांसमोर पुष्करने मोठ्याने वाचावं. मैदानावर मी शेकडो पोरांवर ओरडले आहे, पण हे माझ्या तोंडून निघणार नाही, मी स्वतःला ओळखते. मी तिथे उभी असेन. त्या पोरांच्या आयांनाही बोलवावं. राजसने तो व्हिडिओ सगळ्यांना पुन्हा दाखवावा, गाणं काढून, आणि माझ्या पायाकडे नाही, मानेकडे बघायला सांगावं.

त्यानंतर कोणीतरी नक्की म्हणणार, "बाई, नुसतं हद्दीपर्यंत पुढं चला, हळूहळू जाऊ." त्याला बिराप्पाने कन्नडमध्ये उत्तर द्यावं.

पाठ बघायचा माझा नियम मी मोडीत काढते. पुढचा कितीही जाणता असला तरी प्रत्येकाने रस्ता आपल्या डोळ्यांनी बघावा, पुढच्यापासून लांब राहावं, आणि खूण पटली नाही तर पाळू नये. पूजाची सुद्धा.

पूजा, टपरीवर तू गप्प होतीस. तुला दिसलं होतं का, हे मी तुला विचारलं नाही, कारण तू हो म्हणाली असतीस. मला फार भीती वाटते आहे गं. गुरुवारी वाचून होईस्तोवर माझ्याजवळ उभी राहा.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला. तो माझाच आहे, तुटलेल्या वाक्यासकट.

ठिकाण: सांगली
दिनांक: २९ सप्टेंबर २०२५

सही: विजयमाला हंबीरराव खबाले

साक्षीदार पहिला: मी डॉ. भार्गवी सोहोनी, राहणार सांगली. श्रीमती खबाले यांनी माझ्यासमोर सही केली. सही करताना त्या पूर्ण भानावर होत्या व आपण काय लिहितो हे त्यांना नीट समजत होतं. दोन किल्ल्या मला मिळाल्या. सही: भार्गवी सोहोनी

साक्षीदार दुसरा, स्वहस्ते: मी दादासो बाबूराव खबाले, राहणार शिराळा. वैनींनी माझ्या डोळ्यांसमोर सही केली. तवा त्या शुद्धीत होत्या. त्याच्या आधी थोडा वेळ वैनी आमच्यात न्हवत्या. मी लय हाका मारल्या, ओ दिली न्हाई. डोळे उघडे होते. मग आल्या. आधी मी म्हणलो की बघितलं न्हाई. पण बघितलं. मी लय भ्यालो. सही: दादासो बाबूराव खबाले